हात बाहेर?

"ही गोष्ट खरी आहे," असं सांगणाऱ्या माणसावर मी स्वतः कधीच विश्वास ठेवला नसता. त्यामुळे तुम्हीही माझ्यावर लगेच ठेवू नका. शेवटपर्यंत वाचा. मग पोलिसांनी लिहून घेतलं ते खरं की मी सांगतोय ते, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मी तिथे होतो, एवढंच सांगतो.

माझ्या शर्टावर जे रक्त उडालं होतं, ते माझं नव्हतं. थोडं माझंही होतं, पण ते पुढे येईल.

दिवस सुट्टीचा होता. दुपार कलून संध्याकाळ व्हायला आली होती. जागा म्हणजे आमचं वर्कशॉप. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराचा एक लांबलचक हॉल आणि त्याला चिकटून आमची कॉम्प्युटरची खोली. दोन्हींच्या मधे मोठी काच. काचेतून हॉलमधलं सगळं दिसायचं.

हॉलमध्ये कागद कापायची मशीनं बनायची. घरातली कात्री डोळ्यांसमोर आणू नका. पुठ्ठ्याचा हातभर जाड गठ्ठा एका फटक्यात कापणारी मशीनं. आधी वरून लोखंडी क्लॅम्प येतो आणि गठ्ठा दाबून धरतो.

धप्प.

मग त्याच्या मागून पातं उतरतं.

कधी काय हलायचं, हे मशीनला सांगणारा कोड आम्ही लिहायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझे भावोजी, ताईचा नवरा.

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे 'मास्तर' म्हणायचे. कारण काहीही समजावून सांगायचं तर ते दोनदा सांगायचे, आणि वर "समजलं का?" विचारायचे. मला तिथे त्यांनीच चिकटवलं. "मेहुणेबुवा, घरी बसून ताईचं डोकं खाण्यापेक्षा इथे येऊन माझं खा," असं म्हणाले होते.

त्यांनी वर्कशॉपला एक पद्धत घालून दिली होती.

मशीन चालवण्याआधी मोठ्याने विचारायचं, "हात बाहेर?"

मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाने स्वतः उत्तर द्यायचं नाही. घाईत माणूस काहीही बोलून जातो. दुसऱ्या कोणीतरी वळायचं, डोळ्यांनी नीट बघायचं आणि ओरडून सांगायचं, "बाहेर!" मगच बटण दाबायचं. काचेच्या अलीकडून आम्हीसुद्धा ओरडायचो. नवीन आलेले लोक हसायचे. भावोजी रागवायचे नाहीत. "हसा की. हसायला दात लागतात, पण टाळी द्यायला हात लागतात," म्हणायचे.

शिवाय कोडमध्येही एक अट होती. मशीनला दोन बटणं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही एकदम दाबली तरच पातं हलणार. दोन्ही हात बटणांवर अडकले की पात्याखाली जायला हात उरतच नाही. ही अटही भावोजींनीच लिहिली होती.

आणि त्या सुट्टीच्या दिवसाच्या काही महिने आधी त्याच मशीनने भावोजींचे दोन्ही हात नेले.

मी काचेच्या अलीकडे होतो. कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळे आधी कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही. पायाखालच्या फरशीतून क्लॅम्पचा दणका जाणवला. मग भावोजींची किंकाळी आली. मग पातं आलं. मग किंकाळी नव्हती.

मी पळत गेलो तेव्हा ते मशीनला टेकून बसले होते. कोपराच्या खाली काही नव्हतं. रक्त वाहत जाऊन मशीनखालच्या तेलात मिसळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कोणी विचारलं का रे?"

रुग्णवाहिका येईपर्यंत ते गेले.

बटणापाशी वर्कशॉपचे मालक उभे होते. त्यांनी सांगितलं की त्यांचा एका बटणाला चुकून धक्का लागला. एका बटणाने मशीन कसं चाललं? तर दोन बटणांची अट कोडमधून कोणीतरी काढून टाकली होती. कोणी? रेकॉर्ड उघडून बघितलं. अट काढल्याच्या नोंदीपुढे नाव होतं...

मास्तर.

झालं. मास्तरने घाईच्या कामासाठी स्वतःच अट काढली आणि स्वतःच मेला. सगळ्यांनी हेच धरलं. ताईच्या सासरच्यांनीसुद्धा. ताईने भावोजींचा फोटो भिंतीवर लावला नाही. मला म्हणाली, "उद्या पोरगी विचारेल, बाबा कसे गेले? काय सांगू तिला? स्वतःच्या मूर्खपणाने गेले म्हणून?"

खरं सांगायचं तर भावोजींचा राग मलाही आला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मालकांचा फोन आला.

"तपासणीची माणसं येणार आहेत. जुनी रिपॉझिटरी पार गबाळ झालीये. नवीन काढ. आत्ताचा कोड तेवढा घे, मागचं काही नको. मास्तरच्या कॉम्प्युटरवरच कर, सगळं त्यातच आहे. आणि जुनं ज्या हार्ड डिस्कवर आहे, ती मला दे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिपॉझिटरी म्हणजे कोड ठेवायची जागा. पण नुसती पेटी नाही. कोडमध्ये कोणी काय बदललं आणि कधी बदललं, प्रत्येक बदलाची नोंद तिथे राहते. नवीन रिपॉझिटरी काढून त्यात फक्त आजचा कोड टाकला की मागचं सगळं गायब. पाटी कोरी. काम दहा मिनिटांचं, चहा गार व्हायच्या आत होणारं.

म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी मी एकटा तिथे गेलो.

आधी हॉलमध्ये डोकावलो. ते मशीन तिथेच होतं. अपघातानंतर कोणी त्याला हात लावला नव्हता. मेन स्विच खाली पाडून त्याला कुलूप घातलेलं. ज्या तेलाच्या दाबावर क्लॅम्प आणि पातं हलायचं, तेही काढून बाजूच्या पिंपात भरलेलं. हे मुद्दाम सांगतोय, लक्षात ठेवा. त्या मशीनमध्ये वीज नव्हती आणि तेलही नव्हतं.

मी भावोजींच्या खुर्चीत बसलो. खुर्ची अजून त्यांच्या उंचीलाच होती, माझे गुडघे टेबलाला लागत होते. नवीन फोल्डर केलं. रिपॉझिटरी सुरू केली. कोड आणून ठेवला. पहिली नोंद करायची म्हणून 'सुरुवात' एवढंच टाइप केलं आणि एंटर दाबलं.

...धप्प.

आवाज हॉलमधून आला.

मी काचेतून बघितलं. मशीन जागच्या जागी. क्लॅम्प वर. काहीच हललेलं नव्हतं. उन्हाने पत्रा वाजला असेल, म्हटलं.

मग स्क्रीनकडे वळलो.

पहिली नोंद झाली होती. तिच्यापुढे माझं नाव नव्हतं.

मास्तर.

आणि 'सुरुवात' हा शब्दही नव्हता. तिथे लिहिलं होतं...

हात बाहेर?

माझ्या मानेवर काटा आला. पण मी कोड लिहिणारा माणूस, प्रत्येक गोष्टीला कारण शोधायची सवय. कारण सापडलंही. या कॉम्प्युटरमध्ये भावोजींनी स्वतःचं नाव भरून ठेवलं होतं. इथून कोणीही नोंद केली तरी ती मास्तरच्याच नावाने जाणार. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलं की आधी नाव बदलायचं असतं, ते आम्ही नेहमी विसरतो. आणि 'हात बाहेर?' हेही त्यांनीच कुठेतरी आपोआप येईल असं घालून ठेवलं असेल. त्यांचा स्वभावच तसा.

मी सेटिंगमध्ये माझं नाव घातलं. दोनदा तपासलं. ते फोल्डर पुसलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. एंटर.

...धप्प.

या वेळी टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला.

स्क्रीनवर तीच नोंद होती. मास्तर. हात बाहेर?

मी उठून पळून जायला हवं होतं. पण त्याच क्षणी माझी ट्यूब पेटली, आणि भीती बाजूला राहिली.

इथून कोणीही नोंद केली तरी ती मास्तरच्या नावाने जाते.

कोणीही!

मी जुनी हार्ड डिस्क जोडली. दोन बटणांची अट काढल्याची ती नोंद शोधली. पुढे मास्तर हे नाव होतंच, ते सगळ्यांनी बघितलं होतं. मी तारीख बघितली.

त्या दिवशी भावोजींच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी आणि ते सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. डोळ्यात नवीन भिंग कसं बसवतात, हे त्यांनी मला दोनदा समजावलं होतं आणि वर "समजलं का?" विचारलं होतं. ते या खुर्चीत बसलेलेच नव्हते.

नाव सगळ्यांनी बघितलं. तारीख कोणीच बघितली नाही.

या खोलीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती.

तेवढ्यात बाहेर शटर वाजलं.

"झालं का रे?" मालक आत आले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "मालक, या दिवशी भावोजी माझ्याबरोबर दवाखान्यात होते. इथे कोण बसलं होतं?"

त्यांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण आवाज चढा होता.

"गेलेल्या माणसाच्या गोष्टी उकरून काय करणार तू? पूस ते."

"माझी ताई रोज रडते, मालक."

"पूस म्हणतो ना!"

"नाही पुसणार. ही डिस्क मी तपासणीवाल्यांना देणार."

मालक धिप्पाड माणूस. त्यांनी माझी मानगूट धरली आणि माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. मी भानावर येईपर्यंत त्यांनी डिस्क ओढून काढली होती आणि ते हॉलकडे निघाले होते. तिथे भिंतीला हातोडे टांगलेले असतात.

मी मागून जाऊन त्यांच्या पाठीवर झेप घेतली. मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. मी त्यांना चावलोसुद्धा. त्यांनी हाताला लागला तो पाना माझ्या खांद्यावर घातला. काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. या झटापटीत डिस्क त्यांच्या हातून निसटली. मशीनच्या गुळगुळीत टेबलावरून घसरत गेली...

आणि बरोबर पात्याखाली जाऊन थांबली.

मी खाली कोसळलो होतो. मालकांनी मेन स्विचच्या कुलपाकडे एकदा बघितलं. मग ते टेबलावर वाकले आणि त्यांनी दोन्ही हात आत घातले.

आणि मशीनच्या पलीकडून, भावोजी नेहमी उभे राहायचे तिथून, आवाज आला...

"हात बाहेर?"

शांत आवाज. रोजच्यासारखा. सकाळी पहिलं काम सुरू करताना विचारायचे तसा.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आत! हात आत आहेत!"

"कोणाशी बोलतोयस रे?" मालक ओरडले. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

धप्प.

क्लॅम्प खाली आला होता. त्याने मालकांचे दोन्ही हात कोपराजवळ धरले आणि तो दाबत राहिला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग मालकांची किंकाळी.

"बंद कर! बंद कर ते!"

मी उठलो. लाल बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. मेन स्विच बघितला. तो खालीच होता, कुलूप तसंच.

मशीन बंदच होतं. बंद मशीन आणखी कसं बंद करायचं?

मी एका हाताने पहार घेतली आणि क्लॅम्पखाली घालून सगळा भार टाकला. क्लॅम्प केसभरही हलला नाही. मालकांच्या बाह्यांतून रक्त झिरपून टेबलावर पसरत होतं. त्याच्या वर पातं हळूहळू खाली यायला लागलं. मोटरचा आवाज नव्हता. कसलाच आवाज नव्हता.

"हात बाहेर?"

"आत!" मी बोंब मारली. "भावोजी, आत आहेत! थांबा!"

पातं थांबलं.

या वेळी मालकांनीही ऐकलं होतं. त्यांचे डोळे फिरले. ते मशीनच्या पलीकडे बघत होते. मला तिथे रिकामी जागा दिसत होती. त्यांना काय दिसत होतं, देव जाणे.

"मास्तर..." ते लहान मुलासारखे रडायला लागले. "मास्तर, मीच काढली रे ती अट... ऑर्डर उरकायची होती. तुझ्या खुर्चीत बसून काढली. धक्का नव्हता लागला... बटण मी दाबलं... मी विचारलं नाही रे! तुझे हात दिसत होते मला आत. वाटलं, काढशील... वाटलं, तेवढ्यात काढशील..."

हॉलमध्ये फक्त त्यांचं रडणं ऐकू येत होतं.

मला ताई आठवली. भिंतीवर न लावलेला फोटो आठवला. मशीनला टेकून बसलेले भावोजी आठवले, कोपराखाली काही नसलेले. "कोणी विचारलं का रे?"

मग तिसऱ्यांदा...

"हात बाहेर?"

मालकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "सांग ना! सांग त्याला!"

माझं तोंड उघडं होतं. तोंडात रक्त होतं. शब्द आला नाही. भीतीने आला नाही की आणखी कशाने, हे मला विचारू नका.

मी उत्तर दिलं नाही.

पातं खाली आलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी माझा पट्टा काढून त्यांच्या एका दंडाला बांधला आणि कॉम्प्युटरची वायर दुसऱ्याला. म्हणून ते जगले. हात दोन्ही गेले, भावोजींचे जिथून गेले होते बरोबर तिथूनच. हार्ड डिस्कवर साधा ओरखडाही नव्हता. ती पात्याच्या पलीकडे सरकून रक्तात कोरडी पडली होती. हो, कोरडी. मी हातात घेऊन बघितली.

पोलिसांनी मशीन तपासायला माणूस आणला. त्याने लिहून दिलं की जुन्या मशीनमध्ये कधीकधी दाब साठून राहतो, त्याने पातं पडलं असेल. मी त्याला तेलाने भरलेलं पिंप दाखवलं. त्याने पिंपाचं झाकण लावलं, कागदावर सही केली आणि निघून गेला.

मालकांनी शुद्धीवर आल्यावर सगळं कबूल केलं. अट, बटण, सगळं. वर आणखी एक सांगितलं. "मास्तर विचारत होता. शेवटच्या वेळी याने उत्तर दिलं नाही." ते वाक्य कोणी लिहून घेतलं नाही. धक्क्याने बरळतोय, म्हणाले.

ते बरळत नव्हते, हे फक्त मला माहीत आहे.

ताईला मी सगळं सांगितलं. ती खूप रडली, पण या वेळचं रडणं वेगळं होतं. त्याच संध्याकाळी तिने भावोजींचा फोटो भिंतीवर लावला. पोरीला जवळ घेऊन म्हणाली, "तुझ्या बाबांची काही चूक नव्हती."

मला बरं वाटलं. वाटलं, संपलं.

मग पोरगी आत गेल्यावर ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू का नाही रे ओरडलास? ते असते तर ओरडले असते."

आता मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या नोकरीत आहे. नव्या ऑफिसात मशीनं नाहीत. नुसती टेबलं आणि कॉम्प्युटर. नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की रिपॉझिटरी काढायचं काम मी काहीतरी सबब सांगून दुसऱ्यावर ढकलतो. सगळे मला आळशी म्हणतात. म्हणू देत.

पण परवा सगळे जेवायला गेले होते आणि काम अडलं होतं. साहेबांचे मेसेजवर मेसेज. भर दुपार, लख्ख उजेड. म्हटलं, कशाला घाबरायचं? मी फोल्डर केलं. रिपॉझिटरी सुरू केली. पहिली नोंद टाइप केली. बोट एंटरवर ठेवलं...

मागून आवाज आला. शांत. रोजच्यासारखा.

"हात बाहेर?"

मी झटकन हात उचलले आणि छातीशी घट्ट धरले. "बाहेर," मी म्हणालो. "भावोजी, बाहेर आहेत. बघा ना, बाहेर आहेत."

काहीच झालं नाही. आवाजही गेला नाही. थोड्या वेळाने पुन्हा आला, तेवढाच शांत.

"हात बाहेर?"

तेव्हा मला पद्धत आठवली.

आपलं उत्तर आपण द्यायचं नसतं. दुसऱ्या कोणीतरी वळून, डोळ्यांनी बघून सांगायचं असतं.

मी खोलीभर नजर फिरवली.

सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.